नांगर टाकलाय, आता काय होतंय!

हिंगोली जिल्ह्यात बंदर नाही, गोदी नाही आणि जहाज तर नाहीच. मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब. जिल्ह्यातलं पाणीसुद्धा मुंबईशी फटकून वागतं. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला आणि वर्धा प्राणहितेच्या वाटेने गोदावरीला. पूर्णा तर सरळ गोदावरीतच उतरते. म्हणजे सिद्धेश्वर धरणात कोणी हौसेने जहाज बांधलं आणि ते दोर तोडून सुटलं, तर जाईल ते बंगालच्या उपसागराकडे. (वाटेतले बंधारे ते कसं ओलांडणार, हे पाटबंधारे खात्याने पाहावं.) अशा जिल्ह्यात बसून ‘नांगरलेल्या जहाजाची दुरुस्ती करताना घ्यावयाची खबरदारी’ या विषयावर कोणी का लिहावं, असं कोकणातला वाचक विचारणारच. माझं म्हणणं असं की या विषयात कोकणापेक्षा मराठवाड्याचा अधिकार मोठा आहे. समुद्राकाठच्या माणसाला समुद्र कळतो, हे मान्य. पण दुरुस्तीच्या वेळच्या अपघातांत समुद्राचा हात फारच थोडा असतो. दुरुस्तीला उभी असलेली जहाजं बहुतेक वेळा शांत पाण्यात, काठावरून माणसं बघत असताना जळतात, कलंडतात आणि बुडतात. त्यांना बुडवणारी गोष्ट खारी नसते. ती आमच्याकडे प्रत्येक डीपीखाली रोज पाहायला मिळते.

डीपी म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर; ती काय चीज आहे, हे चोवीस तास थ्री फेज असणाऱ्यांना समजावणं अवघड आहे. ऐन हळदीला पाणी द्यायच्या दिवसांत ती उडते. लाइनमनकडे गावं इतकी असतात की तो आला हीच एक बातमी होते. तोवर गावचा झिरो वायरमन खांबावर चढलेला असतो. झिरो वायरमन म्हणजे महावितरणच्या पगारपत्रकात शून्य आणि गावाच्या हिशेबात सर्वेसर्वा. खाली वर्गणी दिलेले शेतकरी माना वर करून उभे, आणि वर्गणी दिल्यामुळे प्रत्येक जण तांत्रिक सल्लागार. नियम असा आहे की सबस्टेशनमधून रीतसर परमिट घ्यायचं. ऑपरेटरने लाइन बंद करून वहीत नोंदवायचं, कामाच्या जागी तारा शॉर्ट करून अर्थिंग द्यायचं, आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत केल्याशिवाय लाइन सोडायची नाही. प्रत्यक्षात खालचा एक जण मोबाइलवर विचारतो, “साहेब, बंद केली का?” आणि पलीकडून “हो” येतं. हे ‘हो’ नेमकं कोणत्या फीडरबद्दल आहे, हे खांबावरच्या माणसाला कळलं तर फार उशिरा कळतं. शिवाय पलीकडच्या शेतातल्या आखाड्यावर कोणाचा जनरेटर चालू आहे, तो उलटा करंट सोडेल का, हे विचारायचं काम कोणाचंच नसतं. लाइन आली की शेतकरी उठायच्या आत मोटर सुरू करणारा ऑटो बसवलेला असतो, म्हणजे मोटर उघडून बसलेल्या दुसऱ्या माणसाचाही जीव त्याच फोनवर. या सगळ्यात वाईट माणूस कोणीही नाही. सगळे मदतीलाच आलेले आहेत. फक्त वर चढलेल्याचा जीव खालच्याच्या तोंडी ‘हो’वर लोंबकळतो आहे. जहाजदुरुस्तीच्या जाडजूड नियमावल्या आटवत गेलं, तर तळाशी हाच साका उरतो.

पहिला आक्षेप इथेच येतो. जहाज चालत असतं तेव्हा त्याला धोका, हे समजू शकतं. नांगर टाकून उभं असलेल्याला कसला धोका? नांगर टाकलाय, आता काय होतंय! पण नांगरलेलं जहाज मुळात उभंच नसतं. वारा आणि भरती-ओहोटी फिरेल तसं ते नांगराभोवती घेर धरून फिरतं. औंढा नागनाथला संत नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरल्याची कथा ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना हे पटवायला वेळ लागत नाही. दुसरं असं की जहाज नुसत्या नांगराच्या रुतण्यावर थांबत नाही. मोठं काम तळावर आडव्या पडलेल्या साखळीचं वजन करतं. साखळी आडवी आहे तोवर नांगराला ओढ आडवी बसते आणि तो पकड सोडत नाही. वारा वाढला, साखळी ताणून वर उचलली गेली, की नांगर तळावरून फरफटू लागतो. मग साखळी वाढवायची, दुसरा नांगर टाकायचा आणि त्यानेही भागलं नाही तर इंजिन चालवून जागा सोडायची. आता हेच इंजिन दुरुस्तीला काढून इंजिनरूमच्या फरशीवर पसरलेलं असेल, तर ते चालवणार कसं? म्हणून बंदराच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय नांगरवाड्यात, म्हणजे जहाजं नांगरतात त्या जागेत, मुख्य इंजिन उघडू देत नाहीत. हवामानाचा अंदाज आधी पाहायचा, दुसरा नांगर तयार ठेवायचा, ओढबोट हाकेच्या अंतरावर ठेवायची, आणि ब्रिजवर एक माणूस सतत जहाजाची जागा तपासत बसवायचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात नांगरलेल्या पी-३०५ या बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. वादळाचा इशारा मिळालेला होता. नांगर टिकले नाहीत, बार्ज वाहत जाऊन बुडाली आणि तिच्यावरचे कितीतरी कामगार गेले. ‘काय होतंय’ या प्रश्नाला इतकं थेट उत्तर दुसरं नसेल.

उभं राहिल्याची जाहिरात करायचे नियमही मजेशीर आहेत. दिवसा पुढच्या बाजूला एक काळा गोळा टांगायचा, रात्री पांढरे दिवे लावायचे, आणि जहाज शंभर मीटर किंवा त्याहून लांब असेल तर डेकही उजळून ठेवायचा. धुकं असलं तर दर मिनिटाला पाच सेकंद घंटा बडवायची, आणि मोठ्या जहाजावर त्यानंतर मागच्या टोकाला थाळाही ठोकायचा. दुसऱ्याने आपल्यावर येऊन आदळू नये म्हणून एवढा आटापिटा. पण दुरुस्तीत जहाजावर आदळायला बाहेरून कोणी यावं लागत नाही.

खरी गंमत, जर तिला गंमत म्हणता आलं तर, इथे सुरू होते. चालत्या जहाजाला एक कप्तान असतो आणि आग विझवायचे पंप, नळ, झाकणं, भोंगे जागच्या जागी असतात. दुरुस्ती निघाली की आधी हीच व्यवस्था मोडावी लागते. पंप बंद, कारण पाइप कापायचाय. धुराची सूचना देणारी यंत्रणा बंद, कारण वेल्डिंगच्या धुराने ती सारखी कोकलते. पाणी अडवणारे दरवाजे उघडे, कारण त्यांतून वेल्डिंगच्या केबल गेल्यात. आणि जहाजावर अशी शंभर माणसं, ज्यांना बाहेर पडायचा जिना कुठे आहे हे ठाऊक नाही. थोडक्यात, आग लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते त्याच दिवशी आग विझवायची सोय सगळ्यात कमी असते. याचा मासला म्हणजे फ्रान्सचं ‘नॉर्मंडी’ हे तीनशे मीटरहून लांब, राजवाड्यासारखं सजवलेलं जहाज. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते ताब्यात घेतलं आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्याचं सैन्यवाहू जहाज करायला घेतलं. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी दिवाणखान्यातला एक खांब कापताना ठिणगी उडाली आणि जवळ रचलेल्या जाकिटांच्या ढिगावर पडली. त्या जाकिटांत कापोक भरलेला होता, म्हणजे आमच्याकडच्या सावरीच्या कापसाचाच भाऊ. आणि जाकिटं कसली? तर बुडताना जीव वाचवायची. जहाजाची स्वतःची अग्निशमन यंत्रणा कामासाठी तोडून ठेवलेली होती, आणि फ्रेंच नळाला अमेरिकन पाइप बसेना. मग अग्निशमन दलाने बाहेरून पाण्याचा असा मारा केला की आग विझली आणि जहाज कलंडलं. वरच्या मजल्यांवर साचलेलं पाणी जहाज ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला धावतं आणि त्याला आणखी झुकवतं. यूर्केविच नावाचा, त्याच जहाजाचा आराखडा काढणारा माणूस त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होता. तळाच्या झडपा उघडून जहाज सरळच्या सरळ खाली बसू द्या, तिथं पाणी उथळ आहे, असं तो सांगायला आला. त्याचं कोणी ऐकलं नाही. ज्याने वस्तू बनवली त्याला गर्दीतून मागे सारून बाकी सगळ्यांनी सल्ला देण्याची रीत न्यूयॉर्कलाही आहे, हे वाचून डीपीखालच्या मंडळींना बरं वाटेल.

यावर कोणी म्हणेल, ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. आता जग सुधारलं. सुधारलंच. १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगोला अमेरिकन नौदलाचं ‘बोनहोम रिचर्ड’ दुरुस्तीत असताना पेटलं आणि चार दिवसांहून अधिक जळत राहिलं. नौदलाच्याच चौकशीत निघालं की जहाजावरची सुमारे ८७ टक्के अग्निशमन ठाणी त्या वेळी चालू स्थितीत नव्हती. फेस सोडणारी यंत्रणा एक बटण दाबून चालू करता आली असती, पण ते वेळेत कोणी दाबलं नाही. दुरुस्तीचा खर्च अब्जावधी डॉलर निघाला, म्हणून जहाज भंगारात काढलं. भंगाराचे आले ३६ लाख डॉलरच्या आसपास. आपल्याकडेही मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीला असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला २१ जुलै २०२४ च्या संध्याकाळी आग लागली, दुसऱ्या सकाळपर्यंत ती आटोक्यात आली, आणि नंतर जहाज डाव्या कुशीवर कलंडलं, एक नौसैनिक गेला. तिच्याच वर्गातली ‘आयएनएस बेतवा’ ५ डिसेंबर २०१६ रोजी त्याच गोदीत, सुक्या गोदीतून बाहेर काढतानाच आडवी झाली होती. त्यात दोघांचा जीव गेला. या जहाजांनी तोफा, क्षेपणास्त्रं आणि मॉन्सून सहन करायचा असतो, आणि करतातही. त्यांना आडवं केलं ते घरच्या दुरुस्तीने.

ही सगळी जहाजं धक्क्याला किंवा गोदीत होती, नांगरलेली नव्हती, असा बारकावा काढणारा वाचक मला आवडतो. त्याच्यासाठी अस्सल नांगरलेलं उदाहरण ठेवलं आहे. २९ ऑगस्ट १७८२, इंग्लंडमधला स्पिटहेडचा नांगरवाडा, हवा छान. शंभर तोफांचं ‘रॉयल जॉर्ज’ हे युद्धनौकांतलं मोठं नाव. वर ॲडमिरल केम्पेनफेल्ट स्वतः. पाण्याखालच्या एका नळाची किरकोळ दुरुस्ती करायची होती. गोदीत न नेता तोफा एका अंगाला सरकवून जहाज मुद्दाम कलतं केलं, म्हणजे दुसऱ्या अंगाचं काम उघडं पडतं. वेळ वाचला. आता जहाज कलतं केलंच आहे तर खालच्या बाजूने रमची पिंपं चढवून घेऊ, म्हणजे तोही वेळ वाचेल, असं ठरलं. त्या बाजूच्या तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि कलल्यामुळे पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. वाचलेल्या एका खलाशाने पुढे सांगितलं ते असं की जहाजाच्या सुताराच्या हे लक्षात आलं. तो वर जाऊन अधिकाऱ्याला म्हणाला, जहाज सरळ करा, पाणी आत येतंय. अधिकाऱ्याने त्याला झटकून लावलं. सुतार पुन्हा गेला. पुन्हा झटकला गेला. नंतर हुकूम सुटला, पण तोवर हुकूम ऐकायला जहाज शिल्लक नव्हतं. आठशेहून अधिक माणसं गेली. बंदरात जहाज उभं असल्यामुळे खलाशांची बायका-मुलं भेटायला आलेली होती, ती त्यांत पुष्कळ. चौकशी झाली, सगळे अधिकारी निर्दोष सुटले आणि जहाजाचं लाकूड कुजलेलं होतं असा निष्कर्ष निघाला. लाकडाला निलंबित करता येत नाही आणि त्याची बदलीही होत नाही, ही चौकशी समित्यांची जुनी सोय.

त्या दिवशी स्पिटहेडला ज्ञानाची कमतरता नव्हती. काय चाललंय हे सुताराला ठाऊक होतं. काम थांबवायचा अधिकार मात्र त्याच्याकडे नव्हता, आणि ज्याच्याकडे होता त्याला सुताराने शिकवलेलं रुचलं नसावं. आजच्या नियमावलीत ‘काम कोणीही थांबवू शकतो’ असं छापलेलं असतं. छापणं सोपं. हेल्मेट घातलेल्या हेल्परने चकचकीत बूट घातलेल्या सुपरवायझरला ‘थांबा’ म्हणणं अजूनही स्पिटहेडइतकंच अवघड आहे. आणि इथेच दुसरा, जास्त जोरदार आक्षेप येतो: मग या परमिटच्या कागदांचा उपयोग काय? सगळी फॉर्मॅलिटी! केबिनमध्ये चहा पिता पिता पंचवीस फॉर्मवर सह्या होतात आणि आग काही फॉर्म वाचत नाही. आक्षेप बराचसा खरा आहे, म्हणून त्याला नुसतं उडवून लावता येणार नाही. पण फॉर्म नीट वाचला तर त्यातला प्रत्येक रकाना कोणत्या तरी मेलेल्या माणसाने लिहिलेला दिसतो. भिंतीच्या पलीकडे काय आहे, असा रकाना असतो, कारण लोखंडी पत्र्याला इकडून वेल्डिंग केलं की तिकडचा रंग, गादी किंवा तेलाचा बोळा पेटतो. काम संपल्यावर निदान अर्धा तास एक माणूस पाण्याची नळी घेऊन तिथेच बसवला का, असाही रकाना असतो, कारण ठिणगी धुमसायला वेळ घेते. काहीही न करता बसायचा पगार देणारी इतकी सभ्य नोकरी जगात दुसरी नसेल, आणि तरी माणसं नेमकी हीच चुकवून चहाला जातात. पाणबुड्या खाली उतरला असेल तर जहाज ढकलणारा पंखा फिरणार नाही आणि पाणी ओढणारे पंप बंद राहतील याची तजवीज केली का? आपोआप सुरू होणारा जनरेटर ‘ऑटो’वरून काढून त्यावर पाटी टांगली का? हा ऑटो म्हणजे आमच्या शेतातलाच ऑटो. फक्त इथे त्याच्यापुढे साडेसात एचपीची मोटर नसून अख्खं जहाज असतं.

बंद टाक्यांबद्दल एवढंच सांगतो की तिथे गंज लोखंडासोबत हवेतला प्राणवायूही खातो. बाहेर तो २०.९ टक्के असतो, आत किती उरलाय ते नाकाला कळत नाही. पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला काढायला धावतो आणि शेजारी पडतो. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून जहाजांवर दर दोन महिन्यांनी अशा जागेत शिरण्याची आणि सुटकेची कवायत सक्तीची आहे. माणुसकीला आवर घालायची ही सक्ती विचित्र वाटते, पण ती बरोबर आहे. हवा मोजणारा मीटर न लावता उडी घेणारा शूर माणूस हा सुटका-पथकाचं पुढचं गिऱ्हाईक असतो.

तिसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा. ‘तीस वर्षं असंच करतोय, कधी काही झालं नाही.’ या वाक्याचा उच्चार करणारे सगळे जिवंत असतात, ही त्यातली खोच आहे. ज्यांचं काही झालं ते हे वाक्य बोलायला येत नाहीत. म्हणून हा पुरावा नेहमी एकतर्फी निघतो. चौथा आक्षेप पैशाचा. उभ्या जहाजाचं भाडं रोज लाखांत जातं, प्रत्येक रकाना भरत बसलं तर जहाजमालक बुडेल. ‘रॉयल जॉर्ज’ने गोदीचा वेळ वाचवला होता आणि ‘नॉर्मंडी’चं काम मुदतीच्या घाईत चाललं होतं, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

हिंगोलीचा अधिकार मोठा, असं वर म्हटलं, पण त्यात एक गोम आहे. रोग आम्हाला चांगला ठाऊक आहे, औषध मात्र जहाजवाल्यांनी आधी शोधलं. चांगल्या जहाजावर दुरुस्तीच्या वेळी बंद केलेल्या स्विचला कुलूप लावतात, आणि किल्ली कप्तानाकडे नाही, सुपरवायझरकडे नाही, तर जो आत हात घालणार आहे त्याच्या खिशात असते. पाच जण काम करणार असतील तर पाच कुलपं. पाचवा बाहेर येईपर्यंत मालक, मंत्री किंवा ॲडमिरल कोणालाही स्विच चालू करता येत नाही. स्पिटहेडच्या सुताराकडे नव्हता तो अधिकार त्या कुलपात असतो. तिथे ‘साहेब, बंद केली का’ हा फोनच लागत नाही. आमच्या डीपीजवळच्या, लाइन तोडणाऱ्या एबी स्विचच्या दांड्यालाही कुलूप लावायची जागा असते, आणि बहुतेक ठिकाणी ती रिकामी असते. डीपीला हात लावायचा हक्क महावितरणच्या माणसाचाच. झिरो वायरमनला वर चढवूच नये. पण लाइनमन येईल तेव्हा वर्गणीतून आधी एक कुलूप आणा, त्याच्यासमोर लावा, किल्ली त्याच्या खिशात घाला आणि तो खाली उतरेपर्यंत ती मागू नका.